कोलार गोल्ड फील्ड्सला पहिल्यांदा जाताना

कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजेच केजीएफ, हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले ते एका कन्नड चित्रपटामुळे. पडद्यावरचे ते काळे, राखेने माखलेले जग शोधायला तुम्ही निघाला असाल, तर गाडीभाडे वाचवा. प्रत्यक्षातले केजीएफ २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १.६ लाख वस्तीचे नांदते शहर आहे. तिथे शाळा सुटतात, बाजार भरतो आणि रोज पहाटे हजारो माणसे बेंगळुरूची गाडी पकडायला धावतात. बातम्यांमध्ये त्याला ‘भुताचे गाव’ म्हणायची पद्धत पडली आहे. ती मला मुळीच पटत नाही. खाण बंद झाली, गाव नाही.

खाणीत उतरता येईल, सोने कसे काढतात ते दाखवणारा कोणी गाइड भेटेल, अशा अपेक्षेने गेलात तर निराश व्हाल. तसली सोय इथे नाही. पण एका उद्योगाने शून्यातून उभे केलेले शहर तो उद्योग गेल्यावर कसे जगते, हे पाहायचे असेल तर केजीएफसारखी जागा आपल्या देशात क्वचितच सापडेल. त्यासाठी एक पूर्ण दिवस पुरतो, आजूबाजूची देवळे आणि किल्ले धरले तर दोन.

पायरी पहिली : गावाची ठेवण समजून घ्या

केजीएफ कर्नाटकाच्या कोलार जिल्ह्यात, बेंगळुरूच्या पूर्वेला साधारण १०० किलोमीटरवर आहे. आंध्र आणि तमिळनाडू या दोन्ही राज्यांच्या सीमा इथून जवळ. इथे पहिल्यांदा येणाऱ्याची एक गफलत ठरलेली असते : कोलार आणि कोलार गोल्ड फील्ड्स ही दोन वेगळी गावे आहेत. कोलार हे जिल्ह्याचे ठिकाण, आणि तिथून केजीएफ सुमारे ३० किलोमीटर. तिकीट काढताना, टॅक्सी ठरवताना किंवा लॉज बुक करताना नुसते ‘कोलार’ म्हणालात तर भलत्याच गावात उतराल.

गाव पसरले आहे ते लांबट, उत्तर-दक्षिण. जमिनीखालची सोन्याची मुख्य शीर तशी धावते, म्हणून खाणी तशा ओळीने खोदल्या गेल्या, खाणींच्या कडेने वस्त्या आल्या आणि वस्त्यांना जोडत रेल्वे आली. उत्तरेकडे बेमल नगर आणि कोरोमंडल, मग उरगाम, पुढे चॅम्पियन रीफ आणि दक्षिण टोकाला मारिकुप्पम. मुख्य बाजारपेठ रॉबर्टसनपेटला, आणि दुसरी पेठ अँडरसनपेट. ही सहा-सात नावे लक्षात ठेवली की गावात रस्ता चुकणे कठीण, कारण इथला माणूस पत्ता सांगताना ‘केजीएफ’ कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, मी उरगामचा, मी चॅम्पियनचा.

पायरी दुसरी : जाण्याआधी एवढा इतिहास माहीत असू द्या

या पायरीवर थोडा वेळ घालवा. केजीएफमध्ये माहितीफलक फारसे नाहीत, आणि पूर्वकथा ठाऊक नसेल तर समोर दिसणारा लोखंडी मनोरा हे नुसते गंजके लोखंड वाटते.

या भागात सोने आहे हे गावकऱ्यांना फार आधीपासून माहीत होते. जुन्या काळची उथळ खोदकामे इथे होतीच. १८०२ मध्ये म्हैसूर राज्याच्या पूर्व सीमेची मोजणी करणाऱ्या जॉन वॉरन या ब्रिटिश फौजेतल्या अधिकाऱ्याच्या कानावर ही गोष्ट गेली. उरगाम आणि मारिकुप्पमच्या लोकांनी माती धुऊन त्यातले सोन्याचे कण त्याला काढून दाखवले. त्याने त्यावर लिहिले, पण पुढे जवळजवळ सत्तर वर्षे काही विशेष घडले नाही. मग न्यूझीलंडच्या लढायांत भाग घेऊन बेंगळुरूला स्थायिक झालेला मायकेल लॅव्हेल हा आयरिश माणूस वॉरनचे टिपण वाचून १८७१ मध्ये बैलगाडीने इकडे आला. १८७५ मध्ये त्याला म्हैसूर दरबाराकडून खाणकामाचा परवाना मिळाला. परवाना होता, पैसा नव्हता. थोड्याच काळात हक्क दुसऱ्यांच्या हाती गेले. बेंगळुरूतला लॅव्हेल रोड मात्र त्याच्याच नावाचा. आज त्या रस्त्यावरच्या जागांचे भाव पाहता, माणसाला खाणीपेक्षा रस्ता फळला म्हणायचे.

खरा उद्योग उभा राहिला तो १८८० मध्ये लंडनच्या जॉन टेलर अँड सन्सने पाऊल ठेवल्यावर. सुरुवातीची काही वर्षे पैसा बुडतोय अशीच स्थिती होती. पण चॅम्पियन रीफ नावाने ओळखली जाणारी समृद्ध शीर हाती लागली आणि चित्र पालटले. म्हैसूर, चॅम्पियन रीफ, उरगाम आणि नंदीदुर्ग या चार मोठ्या खाणी. देखरेखीला इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून पिढीजात खाणकामगार आले, कारखाने आणि कचेऱ्यांत अँग्लो-इंडियन लागले, आणि प्रत्यक्ष खडक फोडायला आले ते मुख्यतः तमिळ भागातले गरीब, बहुसंख्य दलित मजूर. तेलुगू भागातूनही माणसे आली. कर्नाटकात असूनही गावात आज तमिळ सर्वाधिक कानावर पडते, त्याचे कारण हे.

सोने जसजसे खोल जाई तसतशी खाण त्याच्या मागे जाई. चॅम्पियन रीफची खाण शेवटी सुमारे ३,२०० मीटरपर्यंत पोहोचली आणि एके काळी जगातल्या सर्वात खोल खाणींमध्ये गणली गेली. तेवढ्या खोलीवर खडकच इतका तापलेला असतो की थंड हवा खाली सोडल्याशिवाय माणूस तिथे उभा राहू शकत नाही. वरच्या दगडाच्या भाराने बोगद्याची भिंत एकाएकी स्फोटासारखी फुटे. त्याला ‘रॉक बर्स्ट’ म्हणतात. मोठा रॉक बर्स्ट झाला की वर घरातली भांडी हलत, आणि घरातल्या बायकांना कळे की खाली काहीतरी झाले आहे.

विजेची गोष्ट इथे हमखास ऐकवली जाईल. कावेरीवरच्या शिवनसमुद्रला जलविद्युत केंद्र उभारून तिथली वीज दीडशेच्या आसपास किलोमीटर लांब तारांवरून १९०२ मध्ये केजीएफला आणली गेली. त्या काळी एवढ्या लांबवर वीज वाहून नेणे हे जगातही धाडस होते. म्हैसूरचे दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात आखलेले हे काम. बेंगळुरू शहराला वीज मिळाली १९०५ मध्ये, म्हणजे राजधानीच्या आधी खाणीला. मात्र ‘टोकियोनंतर आशियात वीज आली ती केजीएफलाच’ असे कोणी म्हणाले तर मान डोलवा आणि पुढे चला. दार्जिलिंगला १८९७ मध्येच जलविद्युत केंद्र सुरू झाले होते, आणि कोलकात्यातही त्याच सुमारास दिवे लागले होते.

साहेबांच्या वस्तीत बंगले, क्लब आणि गोल्फचे मैदान होते. त्या थाटामुळे ‘लिटल इंग्लंड’ हे टोपणनाव पडले, आणि पर्यटनाच्या बहुतेक लेखांत केजीएफ एवढेच असते. मजुरांच्या वस्तीला ‘लाइन’ म्हणत, अजून म्हणतात. एकाला एक लागून खोल्यांच्या रांगा, गिरणगावातली बैठी चाळ आडवी पसरावी तशा. या लाइनींचा इतिहास बंगल्यांपेक्षा कितीतरी दमदार आहे. १९३० मध्ये बोटांचे ठसे घेण्याच्या सक्तीविरुद्ध हजारो कामगारांनी संप केला. आणि मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावे असे आणखी एक : तमिळ विचारवंत अयोथी दास पंडितर यांच्या शाक्य बौद्ध संघाची शाखा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच मारिकुप्पमला होती. नागपूरच्या १९५६ च्या धम्मदीक्षेच्या सुमारे अर्धशतक आधी इथल्या खाणकामगारांच्या घरांत बुद्धवंदना होत होती. पुढे याच चळवळीतल्या अप्पादुरै यांनी ‘तमिळन’ हे नियतकालिक याच गावातून चालवले. बंगले पाहायला जरूर जा, पण हे विसरू नका.

विज्ञानाचाही एक धागा थेट मुंबईशी जुळतो. जमिनीखाली जितके खोल जावे तितके अवकाशातून येणाऱ्या बहुतेक कणांचे अडथळे कमी होतात. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ १९५० च्या दशकापासून या खाणीत उपकरणे लावत होते. १९६५ मध्ये जपान आणि ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या साथीने त्यांनी दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर वातावरणातल्या न्यूट्रिनोंची, म्हणजे खडकातूनही सहज आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची, नोंद केली. जगात तशा पहिल्या नोंदी त्याच वर्षी दोन ठिकाणी झाल्या, एक इथे आणि दुसरी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत.

उतार स्वातंत्र्याच्या आधीच सुरू झाला होता. वरचे समृद्ध सोने संपले, खाली जाण्याचा खर्च वाढत गेला. १९५६ मध्ये म्हैसूर राज्य सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. पंप थांबले आणि बोगद्यांत हळूहळू पाणी भरले. १२० वर्षांत एकूण ८०० टनांच्या आसपास सोने निघाले. त्यासाठी फोडला तो सुमारे पाच कोटी टन खडक, आणि त्याचे काय झाले ते गावात शिरताच दिसते.

पायरी तिसरी : पोहोचायचे कसे

माझे ठाम मत : पहिल्या खेपेला रेल्वेनेच जा. मोटारीने गेलात तर केजीएफ हे रस्त्याकडेचे एक साधे गाव वाटते. रेल्वेने गेलात तर ते ज्या क्रमाने वसले त्या क्रमाने डोळ्यांसमोरून जाते.

महाराष्ट्रातून आधी बेंगळुरू गाठायचे. मुंबई, पुणे आणि सोलापूरकरांना उद्यान एक्सप्रेस सोयीची. विमानाने आलात तर देवनहळ्ळीचा विमानतळ शहराच्या उत्तरेला आहे, त्यामुळे गर्दीच्या मध्यवर्ती भागात न शिरता होसकोटेमार्गे पूर्वेकडे वळता येते.

बेंगळुरूहून चेन्नईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुमारे ७० किलोमीटरवर बंगारपेट जंक्शन लागते. म्हैसूरचे कमिशनर लेविन बाउरिंग यांच्या नावावरून हे पूर्वी बाउरिंगपेट होते. इथून १६ किलोमीटरचा एक फाटा निघतो आणि मारिकुप्पमला संपतो. हा फाटा १८९४ च्या सुमारास खाणींसाठीच टाकला गेला. त्यावर बेमल नगर, कोरोमंडल, उरगाम, चॅम्पियन अशी छोटी स्थानके आहेत.

बेंगळुरू ते मारिकुप्पम अशा थेट लोकल गाड्या आहेत आणि त्यांचे वेळापत्रक नोकरदारांच्या सोयीचे आहे. खाण बंद झाल्यावर गावाने पोटासाठी बेंगळुरू धरले. सकाळी केजीएफकडून शहराकडे आणि संध्याकाळी शहराकडून केजीएफकडे डबे खचाखच भरलेले असतात. तुम्ही उलट्या दिशेने, म्हणजे सकाळी बेंगळुरूहून निघणार, त्यामुळे बहुतेक वेळा बसायला जागा मिळते. परतताना संध्याकाळी पुन्हा उलटी दिशा, पुन्हा जागा. मधल्या वेळात मात्र गाड्या विरळ आहेत. म्हणून जाण्याची नव्हे, परतीची गाडी आधी पक्की करा आणि मग दिवस आखा. वेळा बदलत असतात आणि सगळ्या गाड्या एकाच स्थानकावरून सुटत नाहीत, तेव्हा आदल्या रात्री रेल्वेच्या अधिकृत ॲपवर पाहून घ्या. तिकीट अनारक्षित असते आणि अगदी स्वस्त.

मध्य बेंगळुरूत मुक्काम असेल तर मुख्य स्थानकापर्यंत जायची गरज नाही. मेट्रोच्या जांभळ्या मार्गाने कृष्णराजपुरा किंवा व्हाइटफील्ड (काडुगोडी) गाठा. दोन्ही ठिकाणी रेल्वे स्थानक लागूनच आहे. फक्त तुमची गाडी तिथे थांबते का, तेवढे तपासा.

थेट गाडी जमली नाही तर बंगारपेटपर्यंत येणाऱ्या गाड्या बऱ्याच आहेत. तिथे उतरून बसने किंवा रिक्षाने केजीएफ गाठता येते. बसने यायचे तर बेंगळुरूच्या मॅजेस्टिक बसस्थानकावरून कर्नाटक परिवहनच्या गाड्या मिळतात. पाटी वाचताना आधी सांगितलेले लक्षात असू द्या : कोलारची नव्हे, केजीएफची.

स्वतःच्या वाहनाने दोन रस्ते. जुना रस्ता राष्ट्रीय महामार्ग ७५ ने कोलारपर्यंत आणि तिथून बंगारपेटमार्गे. नवा म्हणजे बेंगळुरू–चेन्नई द्रुतगती मार्ग. त्याचा होसकोटे ते बेतमंगल हा सुमारे ७० किलोमीटरचा कर्नाटकातला टप्पा वाहनांसाठी खुला झाला आहे आणि बेतमंगलहून केजीएफ अगदी जवळ. त्यावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे मोटारसायकलवाल्यांना जुनाच रस्ता. मारिकुप्पमहून पुढे आंध्रातल्या कुप्पमपर्यंत लोहमार्ग जोडण्याचे कामही बरीच वर्षे चालू आहे. ते झाले की आज जिथे रूळ संपतात ते टोक उरणार नाही.

पायरी चौथी : गावातला दिवस

शेवटच्या स्थानकापर्यंत जा. मारिकुप्पमला उतरा आणि तिथून उत्तरेकडे मागे मागे येत राहा. पूर्ण अंतर पायी कापायचा हट्ट नको, मधले तुकडे रिक्षाने करा. एखादा रिक्षावाला अर्ध्या दिवसासाठी ठरवला तर उत्तम. त्यातल्या त्यात वयस्कर माणूस निवडा. तो स्वतः किंवा त्याचे वडील खाणीत असण्याची शक्यता मोठी आहे, आणि माहितीफलकांची उणीव तो भरून काढतो. भाडे आधी बोलून घ्या.

पहिल्यांदा नजरेत भरतात ते सपाट माथ्याचे, फिकट मातकट डोंगर. हे डोंगर नव्हेत. हा तो दळलेला खडक. गारगोटीचा दगड गिरणीत पीठ होईपर्यंत कुटायचा, पाऱ्याने मिळेल तेवढे सोने धरायचे आणि उरलेले सायनाइडच्या द्रावणात विरघळवून काढायचे, अशी पद्धत होती. सोने काढून झाल्यावर उरलेला लगदा बाहेर टाकला जाई. त्याचेच हे ढीग, म्हणून नाव ‘सायनाइड डंप’. तीन कोटी टनांहून अधिक माल असा पडून आहे. नव्या तंत्राने त्यातले राहिलेले सोने काढावे ही चर्चा जुनी आहे, आणि २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने १३ ढिगांबाबतच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली. तेव्हा आज दिसणारी आकाशरेषा कायमची नाही. ढिगावर चढू नका. कडा ढासळतात, उन्हाळ्यात वारा सुटला की बारीक धूळ छातीत जाते, आणि या गावाने सिलिकोसिसने, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराने, मेलेली माणसे पुष्कळ पाहिली आहेत. रस्त्यावरून फोटो चांगला येतो, तेवढा पुरे.

चॅम्पियन रीफमध्ये लाइनी पाहा. इथे लोक राहतात हे ध्यानात ठेवून, कॅमेरा पिशवीत ठेवून गल्लीतून चालत जा. कोणी ना कोणी बोलायला येतेच. तमिळ येत नसेल तर दख्खनी उर्दूच्या वळणाची हिंदी किंवा मोडके इंग्रजी चालते. घरांची उंची, दोन ओळींमधले अंतर, सार्वजनिक नळ हे पाहिले की वरच्या बंगल्यांचे व्हरांडे किती ऐसपैस आहेत ते आपोआप कळते. याच भागातले ‘अवर लेडी ऑफ व्हिक्टरीज’ चर्च बाहेरून तरी अवश्य पाहा. आसपास छोटी देवळे, मशिदी आणि बुद्धविहारही सापडतील.

शाफ्ट, म्हणजे खाली उतरण्याची विहीर, ओळखायची खूण सोपी : लोखंडी तिकाटण्यावर मोठे चाक. त्या चाकावरून दोर फिरे आणि पिंजरा खाली-वर होई. मनोऱ्याला हेडगिअर म्हणतात. काही मनोरे रस्त्यावरून दिसतात. काही तोडून नेले गेले.

उरगामला सुवर्ण भवन, म्हणजे कंपनीची कचेरी, आणि आजूबाजूला जुन्या साहेबी वस्तीच्या खुणा आहेत. झाडे मोठी, रस्ते रुंद, हवा थोडी निराळी. तिथून रॉबर्टसनपेटच्या एम.जी. मार्केटमध्ये या आणि जेवण उरका. बेमल नगरात प्रवाशाने पाहण्यासारखे फारसे नाही, पण त्याचे महत्त्व वेगळे : १९६४ मध्ये स्थापन झालेल्या भारत अर्थ मूव्हर्सचा कारखाना इथे आहे, आणि खाण गेल्यावर मोठा संघटित रोजगार म्हणून तोच उरला.

पायरी पाचवी : या गोष्टी टाळा

खाणीचे आवार, गिरण्या आणि शाफ्ट ही सरकारी मालमत्ता आहे आणि तिथे पहारा असतो. कुंपण तुटलेले दिसले म्हणून आत शिरू नका. ‘आत नेतो, पैसे द्या’ म्हणणारे कोणी भेटले तर सरळ नाही म्हणा. बंद शाफ्टमध्ये पाणी भरलेले आहे, हवा दूषित असू शकते, आणि भंगाराच्या लोभाने आत उतरलेल्यांचे जीव गेले आहेत. दगड किंवा ढिगातली वाळू आठवण म्हणून खिशात घालू नका. लहान मुले बरोबर असतील तर ढिगांच्या पायथ्याशी त्यांना खेळायला सोडू नका. चित्रपटाचा विषय काढू नका असे म्हणणार नाही, पण तो पहिला प्रश्न नसावा. अर्धे आयुष्य खाली काढलेल्या माणसाला दुसरे सांगण्यासारखे बरेच असते.

पायरी सहावी : दुसरा दिवस असेल तर

सर्वात जास्त गर्दी खेचते ते केजीएफपासून आठ-दहा किलोमीटरवरच्या कम्मसंद्रचे कोटिलिंगेश्वर. १०८ फूट उंचीचे शिवलिंग, समोर ३५ फुटांचा नंदी आणि भोवती ओळीने मांडलेली असंख्य छोटी लिंगे. देणगी देऊन भाविक आपल्या नावाचे लिंग बसवतात. हे १९८० च्या सुमारास सुरू झालेले अलीकडचे देवस्थान आहे. प्राचीन शिल्पकला पाहायच्या अपेक्षेने जाऊ नका. महाशिवरात्रीला तर रस्त्याने चालणेही मुश्कील.

जुने काही हवे असेल तर कोलार गाठा. कोलारम्मा मंदिरात चोळकालीन शिलालेख आहेत, सोमेश्वर मंदिरात विजयनगर काळातले सुरेख खांब. गावाला लागून शतशृंग टेकड्यांवर अंतरगंगेचा झरा आणि दगडांतल्या गुहा. मराठी माणसाला कोलारचे आणखी एक अगत्य असायला हवे : विजापूरच्या आदिलशहाने शहाजीराजांना दिलेल्या कर्नाटकातल्या जहागिरीत बेंगळुरू, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर आणि शिऱ्याबरोबर कोलारही होते. आपल्याकडे शहाजीराजांचे बेंगळुरू सगळ्यांना ठाऊक असते, कोलार क्वचितच कोणाला.

बंगारपेट तालुक्यातले बुदिकोटे हे हैदरअलीचे जन्मगाव, जवळच मार्कंडेय धरण. त्याचे वडील फतेह मुहम्मद यांची कबर कोलारला आहे. एकाच दिवसात दोन्ही जोडता येतात. बेतमंगलचा पालार नदीवरचा तलाव थोडा वेळ काढून पाहावा. खाणींना आणि गावाला पाणी पुरवण्यासाठी इथून नळ टाकले गेले होते. त्याच बाजूला गुट्टहळ्ळीचे बंगारू तिरुपती हे वेंकटरमणाचे देवस्थान. अवनीची रामलिंगेश्वर मंदिरे आणि कुरुडुमलेचा भव्य गणपती मुळबागलच्या बाजूला आहेत. मोटार असेल तरच ती एका दिवसात बसवा, बसने धावपळ होते.

राहणे, खाणे आणि हवा

मुक्कामासाठी रॉबर्टसनपेटमध्ये साधे लॉज मिळतात. कुटुंबासह असाल तर कोलार किंवा बेंगळुरू बरे. खाण्यात तमिळ पद्धतीचे जेवण आणि बिर्याणी सर्वत्र. बंगारपेटला थांबा झालाच तर तिथली पाणीपुरी खा. तिचे पाणी हिरवे नसून चक्क पारदर्शक असते, आणि दिसायला निरुपद्रवी असले तरी चांगलेच तिखट. मुळबागलला गेलात तर तिथला डोसा चुकवू नका.

गाव समुद्रसपाटीपासून साडेआठशे मीटरच्या आसपास असल्याने उकाडा आपल्या विदर्भासारखा नाही. तरी मार्च ते मे टाळा. कारण ऊन नव्हे, ढिगांवरची धूळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा मोसमी पाऊस इथे चांगला कोसळतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात चांगला, पहाटे स्वेटर लागेल.

वार निवडताना एवढा विचार करा : रविवारी नोकरदार घरी असतात, चर्चमध्ये आणि बाजारात गाव भरलेले दिसते, गप्पा मारायला माणसे भेटतात. पण रविवारी आणि सुटीच्या दिवशी लोकल गाड्यांचे वेळापत्रक वेगळे असू शकते, काही धावतही नाहीत. कामाच्या दिवशी गाड्या जास्त, गाव दुपारी रिकामे. मी रविवार निवडेन आणि परतीच्या गाडीचा भरवसा न धरता बंगारपेटहून रात्री बेंगळुरूकडे जाणारी एखादी एक्सप्रेस किंवा बस पर्याय म्हणून आधीच पाहून ठेवेन. रॉबर्टसनपेटहून बंगारपेटला जायला उशिरापर्यंत वाहन मिळेल असे गृहीत धरू नका. अंधार पडायच्या आत निघा.